नाव वाचा, पण शेवटाकडून
संगणकाची तोंडओळख : भाग ४

मागच्या भागात फाइल आणि फोल्डर यांची ओळख झाली. या आठवड्यात फाइलच्या नावाकडे आणि त्याच ओघात वेबसाइटच्या पत्त्याकडे बघू. दोन्हीकडे महत्त्वाचं जे असतं ते शेवटी असतं. आपण मात्र सुरुवातीचं वाचतो आणि बोट चालवून मोकळे होतो.

एक्स्टेंशन

‘सातबारा.पीडीएफ’ हे नाव घ्या. ‘सातबारा’ हा भाग तुम्ही दिलेला, तो कधीही बदलता येतो. टिंबानंतरचा भाग म्हणजे एक्स्टेंशन. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे तो सांगतो. फाइलवर डबल क्लिक केलं की ती कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची, हे विंडोज त्यावरूनच ठरवतं. विंडोजआधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात नावाला आठ आणि एक्स्टेंशनला तीन अक्षरं एवढीच मुभा होती. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि लांबलचक नावं देता येऊ लागली. एक्स्टेंशन मात्र आजही बहुधा तीन-चार अक्षरांचंच असतं.

रोज भेटणारे प्रकार थोडेच आहेत. जेपीजी म्हणजे फोटो. फाइल लहान व्हावी म्हणून यात चित्रातले काही बारकावे गाळले जातात. पीएनजीत ते गाळले जात नाहीत, म्हणून स्क्रीनशॉटसाठी ते बरं. एमपी३ म्हणजे आवाज, एमपी४ म्हणजे व्हिडिओ. झिप म्हणजे अनेक फाइलींचं एकच गाठोडं.

पीडीएफ हा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली आणला. मराठीत काम करणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र वर्डमधून पाठवलं आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलमध्येच बसवता येतो, त्यामुळे पत्र तुम्ही लिहिलं तसंच दिसतं.

नाव बदललं तरी प्रकार बदलत नाही

परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताना जेपीजी फोटो मागतात. आयफोनवर काढलेला फोटो मात्र पुष्कळदा एचईआयसी प्रकारचा असतो आणि फॉर्म तो घेत नाही. मग काही जण नावातलं ‘एचईआयसी’ खोडून तिथे ‘जेपीजी’ लिहितात. त्याने काही साधत नाही, कारण फाइलच्या आतला मजकूर जुनाच राहतो. फोटो एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’मधून जेपीजी हा प्रकार निवडावा लागतो. नवे फोटो थेट जेपीजीतच हवे असतील, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा.

धोका इथेच आहे

नेहमीच्या प्रकारांचं एक्स्टेंशन विंडोज आपण होऊन लपवून ठेवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच सवयीचा फायदा घेऊन. ईमेलसोबत प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल यायची. नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असं होतं. शेवटचं व्हीबीएस लपलेलं असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता आणि उघडताच कामाला लागला.

आज हाच डाव मोबाइलवर खेळला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचं चलान म्हणून फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असतं. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचं अ‍ॅप. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, कधीच एपीके नसते. असं अ‍ॅप बसवून मागितलेल्या परवानग्या दिल्या, तर ते तुमचे एसएमएस आणि त्यातले ओटीपी वाचू शकतं. संगणकावर ‘.ईएक्सई’ दिसलं तरी तेवढंच सावध व्हा.

वेबसाइटचा पत्ता

वेबसाइटच्या पत्त्याला यूआरएल म्हणतात. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ एवढंच सांगतं, की तुमची माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. समोरचा माणूस सचोटीचा आहे, असं ते सांगत नाही. लबाडांच्या साइटवरही एचटीटीपीएस असतं.

त्यानंतर दोन तिरप्या रेघा येतात, आणि तिथून पुढच्या तिरप्या रेघेपर्यंत असतं डोमेन. पाकिटावरच्या पत्त्यात घर, गल्ली, तालुका, जिल्हा असा क्रम असतो, तसंच इथेही मोठं ते उजवीकडे. ‘.जीओव्ही.इन’ हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपल्या वेबसाइट ‘.बँक.इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला सांगितलं, तेही ग्राहकाला खरी बँक ओळखता यावी म्हणूनच.

आता ‘अमुकबँक.बँक.इन.केवायसी.कॉम’ असा पत्ता आला तर? डोमेनच्या शेवटापासून डावीकडे वाचत या. शेवट ‘कॉम’, त्याच्या आधी ‘केवायसी’. म्हणजे ही साइट केवायसी.कॉम नावाच्या कुणाची तरी आहे. डावीकडचं बँकेचं नाव त्याने स्वतःच लिहिलेलं आहे, आणि तिथे कुणीही काहीही लिहू शकतं.

या आठवड्याचा अभ्यास

विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडा. ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. विंडोज १० मध्ये ही चौकट ‘व्ह्यू’मध्येच मिळेल. मग डाउनलोड्स फोल्डरमधल्या फाइलींचे प्रकार ओळखून पाहा. घरात आई-वडील, आजी-आजोबा स्मार्टफोन वापरत असतील, तर त्यांच्याजवळ बसून एपीके हा शब्द दाखवा आणि पत्ता उजवीकडून कसा वाचायचा हे समजावून सांगा. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मध्येच रोखली जाण्याची शक्यता जास्त.