अडीच टनी ट्रकच्या पोटाखाली

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीएमसी ट्रकची छायाचित्रं पाहताना सगळ्या गाड्या एकसारख्या वाटतात. लांब बॉनेट, मागे ताडपत्रीची कमान, दहा टायर. सैनिक लाडानं ‘जिमी’ म्हणत, तो हा अडीच टनी ट्रक. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक तयार झाले. गाडीजवळ जाऊन नीट पाहिलं, की वेगळेपण दिसू लागतं. आणि त्यातलं बरंचसं हौसेपोटी नाही, टंचाईपोटी आलेलं आहे.

कारखान्यानं ट्रकला दिलेलं नाव होतं सीसीकेडब्ल्यू. पहिला ‘सी’ १९४१ च्या आराखड्याचा, दुसरा इंजिनामागे बसवलेल्या नेहमीच्या केबिनचा. ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनची ओढ, ‘डब्ल्यू’ म्हणजे मागच्या दोन्ही ॲक्सलना. ज्या गाडीच्या नावात ‘के’ नाही, तिची पुढची चाकं नुसती वळतात, ओढत नाहीत. पुढचा आकडा लांबीचा. ३५२ चा व्हीलबेस १४५ इंच, हौदा नऊ फुटी. तोफा ओढायला तो सोयीचा. हौदा आखूड असल्यानं इंधनाची टाकी आणि स्टेपनी केबिनच्या पाठीशी घेतलेली. ३५३ चा व्हीलबेस १६४ इंच, हौदा बारा फुटी. इंजिन मात्र दोघांचं एकच: सहा सिलिंडरचं, सुमारे ४.४ लिटरचं पेट्रोल इंजिन.

हे फरक गरजेपोटी आखलेले. टंचाईतून आलेला फरक पाहायचा तर गाडीखाली शिरावं लागतं.

इतक्या ट्रकांना पुरतील एवढे ॲक्सल एका ठिकाणाहून मिळेनात. म्हणून काही गाड्यांना टिमकेन कंपनीचे बसले, काहींना जनरल मोटर्सचे स्वतःचे. टिमकेनचं हौसिंग उभ्या दोन अर्ध्यांचं, मधोमध बोल्टांची रांग. डिफरन्शियलचं काम निघालं, की अख्खा ॲक्सल खाली उतरवून फोडायचा. जनरल मोटर्सचा ‘बॅन्जो’ गोलसर, त्या वाद्याच्या आकाराचा. त्यात शाफ्ट बाहेर ओढले, की पुढचे बोल्ट काढून डिफरन्शियल तेवढं हातात येतं. चिखलात, पावसात, रात्री कंदिलाच्या उजेडात काम करणाऱ्या मेकॅनिकला हा फरक किती मोठा वाटला असेल! त्यातही सुटे भाग एकमेकांना चालत नाहीत, ट्रान्सफर केसदेखील वेगळी. म्हणजे एकाच ताफ्यातल्या दिसायला जुळ्या गाड्यांसाठी सामानाचे साठे दोन ठेवायचे.

केबिनची गोष्टही तीच. सुरुवातीला ती बंद, पत्र्याची, दरवाजे-काचा असलेली होती. पुढे पोलाद वाचवायला आणि जहाजात कमी जागा लागावी म्हणून तिच्या जागी कापडी टपाची उघडी केबिन आली. तिच्यावर मशीनगनचं कडं बसवणंही सोपं. चारांतल्या एका गाडीला ते असे. माझ्या मते या बदलाची किंमत चालकांनी मोजली. १९४४ च्या हिवाळ्यात युरोपात त्या कापडाआडून गाडी हाकणं म्हणजे शिक्षाच.

हौदाही पोलादाचा लाकडी झाला. तो पुरेसा टिकेना, तेव्हा बाजू पोलादी आणि तळ लाकडी अशी तडजोड झाली.

या सगळ्या गाड्या एकत्र धावल्या त्या फ्रान्समधल्या ‘रेड बॉल’ या रसदमार्गावर. २५ ऑगस्ट १९४४ ला ही वाहतूक सुरू झाली, १६ नोव्हेंबरला संपली. चारच दिवसांत, २९ ऑगस्टला, ५,९५८ गाड्यांनी १२ हजार टनांवर सामान वाहिलं. चालकांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकन होते. सैन्यात वेगळ्या तुकड्यांत ठेवलेल्या या माणसांच्या जोरावर पुढच्या रणगाड्यांना पेट्रोल मिळालं, हे ट्रकांच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवं.

युद्धानंतर फ्रेंच सैन्यानं हे ट्रक पुन्हा बांधून वर्षानुवर्षं वापरले. कार्यशाळेत हाती येईल तो भाग बसला. आज जुन्या गाड्या जपणारे अनेक जण एकाच महिन्याची, एकाच कारखान्याची ‘अस्सल’ गाडी उभी करायला धडपडतात आणि मिश्र गाडीला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. बंद केबिनखाली दुसऱ्या गाडीचा ॲक्सल असेल, तर तो तिच्या नोकरीचा पुरावा आहे. असा ट्रक तुमच्या ताब्यात आला, तर तो ॲक्सल बदलू नका. त्याचा क्रमांक लिहून ठेवा.