कराराची वाट : लेखांक ४
पेत्र पंगतीतून उठला तेव्हा

मागच्या आठवड्यात आपण नोहापाशी थांबलो होतो. आज अब्राहामाकडे, तेव्हा तो अजून नुसता अब्राम होता. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव त्याला तीन वर्षांची कालवड, शेळी, एडका, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरतो, अर्धी अर्धी समोरासमोर मांडतो. पाखरं मात्र चिरत नाही. मग मांसावर हिंस्र पक्षी उतरू लागतात आणि हा म्हातारा त्यांना हाकलत बसतो. एवढा मोठा सोहळा, आणि यजमानाच्या वाट्याला हे काम! मला हा तपशील फार आवडतो.

त्या काळी करार करताना शपथ घेणारा अशा तुकड्यांमधून चालत जाई. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. पण इथे सूर्य मावळताना अब्रामाला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर तुकड्यांमधून जाते ती धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव. अब्राम चालतच नाही. शपथेचा सगळा भार एकाच बाजूने उचललेला.

माणसं स्वतः चालली तेव्हा काय झालं, ते यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात आहे. बाबेलची फौज यरुशलेमवर चालून आलेली, राजा सिद्कीया. शहरातल्या मातब्बरांनी वासरू चिरलं, त्याच्यामधून चालत गेले आणि आपले इब्री दास-दासी मोकळे केले. फौज जरा मागे हटली, तशी त्याच दासांना पुन्हा धरून आणलं. भीती ओसरली, धर्मही ओसरला. याच पुस्तकात, ३१ व्या अध्यायात, नव्या कराराचं वचन आहे : या खेपेस नियमशास्त्र माणसाच्या अंतःकरणावरच लिहिलं जाईल.

शेवटच्या भोजनात येशूने प्याला घेऊन आपल्या रक्तातला नवा करार म्हटला, तो हाच, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्या भोजनाला पेत्र होता. तुमच्याबरोबर तुरुंगात जाईन, मरेनसुद्धा, असं म्हणाला आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारून बसला. तरी त्याला कोणी कराराबाहेर काढलं नाही.

पण करारातला माणूस बदलतो कसा? परिवर्तन म्हटलं की आपल्याला पौलाचा दिमिष्काचा रस्ता आठवतो : प्रकाश, वाणी, माणूस उलटापालटा. साक्षीच्या सभांतही असंच ऐकायला मिळतं, एका रात्रीत सगळं सुटलं. मला पेत्राची गोष्ट जास्त खरी वाटते. यापोला भर दुपारी, भूक लागलेली असताना, गच्चीवर त्याला दृष्टांत होतो : देवाने शुद्ध केलं त्याला अशुद्ध म्हणू नको. मग तो कैसरीयात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी जातो, परजातीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, बाप्तिस्मा द्यायला लावतो. झालं ना परिवर्तन?

पुढे अंत्युखियात तो परजातीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची काही यहूदी माणसं आली आणि पेत्र हळूच बाजूला झाला. त्याच्यामागोमाग पौलाचा सोबती बर्णबाही. पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पौलाने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदवूनही ठेवलं. पेत्राने काय उत्तर दिलं, ते मात्र पौल लिहीत नाही.

(पुढील लेखांक : बाप्तिस्मा)