पाण्यातली पानगळ

रानातून वाहत येणाऱ्या पाण्याला कधीकधी फिक्या चहासारखा रंग असतो. माती असेल तर ती भांड्याच्या तळाशी बसते. हा रंग बसत नाही. पाने, साली, मुळे कुजून तयार झालेली ह्यूमिक आणि फल्व्हिक आम्ले त्यात विरघळलेली असतात. ती स्वतः फारशी घातक नसल्यामुळे त्यांच्याकडे बराच काळ केवळ रंगाची तक्रार म्हणून पाहिले गेले.

१९७४ मध्ये रॉटरडॅमच्या जलपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीन याच द्रव्यांशी संयोग पावून क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातकुळीतली ट्रायहॅलोमिथेन संयुगे तयार करतो. १९७९ मध्ये अमेरिकेने या संयुगांवर लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. पण क्लोरीन सोडून द्यावा, तर पटकी आणि विषमज्वर दाराशी उभे. म्हणजे एक महत्त्वाचा उपाय असा: क्लोरीन घालण्याआधी पानगळीचा हा अर्क शक्य तितका काढून टाकायचा.

त्यातला बराच भाग तुरटीसारख्या क्षारांनी गोळा होऊन खाली बसतो. उरलेल्यासाठी प्रारणांचा उपयोग होतो. पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून त्यावर अतिनील किरण सोडले, की पेरॉक्साइडचा रेणू दुभंगतो आणि हायड्रॉक्सिल मूलके जन्मतात. गॅमा किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला, तर पाण्याच्या रेणूंपासूनच ती निर्माण होतात. अत्यंत अल्पकाळ टिकणारी ही मूलके समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. मात्र पाण्यातले बायकार्बोनेटही त्यांना गिळते. त्यामुळे वीज अधिक खर्ची पडते. घरच्या यंत्रातला अतिनील दिवा जंतूंपुरता असतो. या कामाला त्याच्या अनेक पटींनी अधिक प्रारण लागते.

खरी मेख पुढेच आहे. प्रारणांनी रंग लवकर जातो, कारण रंग देणारे बंध आधी तुटतात. कार्बन मात्र बराचसा पाण्यातच राहतो. मोठ्या रेणूंचे लहान तुकडे झालेले असतात, आणि ते जीवाणूंना सहज पचतात. असे पाणी तसेच नळांत सोडले, तर आपण नळांतल्या जीवाणूंनाच जेवू घालतो. शिवाय काही तुकडे क्लोरीनशी पुन्हा संयोग पावू शकतात.

नेदरलँड्समधील आंडाइक येथे २००४ पासून आयसलमेअर सरोवराच्या पाण्यावर पेरॉक्साइड आणि अतिनील किरणांची प्रक्रिया होते. तिथे मुख्य रोख कीटकनाशकांवर असला, तरी पाणी पुढे सक्रिय कार्बनच्या थरांतून जाते. उरलेले पेरॉक्साइड तिथे नाहीसे होते, आणि त्या थरांत वाढलेले जीवाणू हे तुकडे खाऊन टाकतात. जी मेजवानी नळांत नको, ती इथे मुद्दाम मांडलेली असते.

म्हणून प्रारण ही शुद्धीकरणातली मधली पायरी आहे, शेवटची नव्हे. पेल्यातले पाणी नितळ दिसले, तरी त्यातला कार्बन मोजल्याशिवाय ते शुद्ध झाले असे म्हणता येत नाही.