प्रथिनांचे मोजमाप : प्रयोगशाळा अनेक, प्रमाण एक

एके काळी आपल्याकडे प्रांताप्रांतांचा शेर निराळा असे. एका बाजारपेठेत भरलेली पायली दुसऱ्या पेठेत तेवढीच भरेल, याची शाश्वती नसे. १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणांविषयीचा कायदा संमत झाला, पुढील काही वर्षांत मेट्रिक पद्धती देशभर रूढ झाली आणि हा गोंधळ संपला. धान्य आणि कापड यांच्या बाबतीत जे साध्य झाले, तेच मानवी रक्तातील व ऊतींतील प्रथिनांच्या बाबतीत साध्य करणे, हे आज वैद्यकशास्त्रापुढील एक महत्त्वाचे कार्य आहे.

एकाच रोगाच्या सर्व रुग्णांना एकच औषध न देता प्रत्येकाच्या शरीरातील फरक पाहून नेमका उपचार ठरविण्याकडे वैद्यकाचा कल वाढत आहे. हा फरक बऱ्याचदा एखाद्या प्रथिनाच्या प्रमाणावरून ओळखला जातो. ते प्रथिन अमुक मर्यादेपेक्षा अधिक असेल तर एक औषध, कमी असेल तर दुसरे, असा निर्णय होतो. मात्र ही मर्यादा एका प्रयोगशाळेत ठरली आणि रुग्णाचे रक्त दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासले गेले, तर दोन्ही ठिकाणचे आकडे एकाच मापाचे असावयास हवेत. तसे नसल्यास उपचाराचा नेमकेपणा कागदावरच राहतो.

प्रथिन मोजणे अवघड का?

रक्तातील साखर किंवा सोडियम हे ठरावीक रचनेचे, लहान पदार्थ आहेत. प्रथिनाचे तसे नाही. ते शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीची घडी असते. त्याला कोठे साखरेचा रेणू चिकटलेला असतो, तर कोठे साखळीचा तुकडा गळालेला असतो. एकाच नावाच्या प्रथिनाची अनेक रूपे रक्तात एकाच वेळी वावरत असतात. बहुतेक चाचण्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने केल्या जातात आणि प्रत्येक उत्पादकाचा प्रतिपिंड प्रथिनाचा निराळा भाग ओळखतो. त्यामुळे दोन संचांनी एकच नमुना प्रामाणिकपणे तपासला तरी आकडे वेगळे येऊ शकतात.

मधुमेहाच्या चाचणीचा धडा

या अडचणीवर मात कशी करता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे मधुमेहींच्या परिचयाची एचबीए१सी ही चाचणी होय. रक्तातील साखर हिमोग्लोबिन या प्रथिनाला हळूहळू चिकटते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दर्शविते. मधुमेहींच्या रक्तातील या हिमोग्लोबिनकडे सॅम्युअल रहबर या इराणी शास्त्रज्ञाने १९६८ साली लक्ष वेधले.

अमेरिका व कॅनडामध्ये १,४४१ मधुमेहींवर केलेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. हे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांपर्यंत खाली आणलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. या अभ्यासातील रक्ताचे नमुने एकाच मध्यवर्ती प्रयोगशाळेत मोजले गेले होते, ही त्यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होती. बाहेरच्या प्रयोगशाळांत मात्र कोणी साखर चिकटलेले सर्व हिमोग्लोबिन मोजत असे, तर कोणी त्याचा केवळ एक अंश. अभ्यासातील ७ आणि गावातील प्रयोगशाळेतील ७ यांचा अर्थ एकच आहे, असे म्हणता येत नव्हते. आयुष्य सुधारू शकणारे ज्ञान हाती असूनही, मापाच्या अभावी ते रुग्णापर्यंत पोहोचणे कठीण झाले होते.

त्यावर उपाय म्हणून १९९६ साली अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाणीकरण कार्यक्रम सुरू झाला. सर्वांनी एकच यंत्र घ्यावे, अशी सक्ती त्यात नव्हती. प्रत्येक उत्पादकाने आपल्या पद्धतीचे आकडे त्या मूळ अभ्यासाच्या आकड्यांशी जुळवून दाखवावेत, एवढाच आग्रह होता. पुढे चिकित्सा-रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ साली संदर्भ पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात विकराच्या साहाय्याने हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढतात आणि साखर चिकटलेले व न चिकटलेले तुकडे वेगवेगळे मोजतात. येथे काय मोजावयाचे, याची व्याख्याच निश्चित झाली. संदर्भ पद्धतीवरून संदर्भ प्रयोगशाळा, तेथून उत्पादक आणि उत्पादकाकडून गावातील प्रयोगशाळा, अशी मापाची अखंड साखळी तयार झाली. दोन्ही पद्धतींचे नाते गणिताने ठरले असून ७ टक्के म्हणजे नव्या एककात ५३, हे आता सर्वमान्य आहे. म्हणूनच २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहाच्या निदानासाठी ६.५ टक्के ही मर्यादा मान्य केली. मात्र चाचणी प्रमाणित आणि गुणवत्तेची कसोटी उतरलेली असली पाहिजे, अशी अटही घातली.

नमुना घेण्यापासूनच प्रारंभ

केवळ यंत्र जुळवून भागत नाही, हे स्तनाच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून कळते. साधारणतः १५ ते २० टक्के रुग्णांच्या कर्कपेशींवर हर-२ हे प्रथिन प्रमाणाबाहेर आढळते. अशा रुग्णांसाठी ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून उपलब्ध झाले. ज्यांच्यात हे प्रथिन वाढलेले नाही त्यांना त्या औषधाचा लाभ नगण्य. हृदयावरील दुष्परिणामांचा धोका व खर्च मात्र पदरी पडतो. याउलट प्रथिन असून ते चाचणीत दिसले नाही, तर रुग्ण उपयुक्त उपचाराला मुकतो. २००७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा अशा सुमारे २० टक्के चाचण्या चुकीच्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता.

चुकीचे मूळ पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी असते. शस्त्रक्रियेने काढलेला तुकडा तसाच पडून राहिला, तर त्यातील प्रथिने खराब होऊ लागतात. म्हणून तो एक तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहू द्यावा, असा संकेत ठरला. तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया आणि शहरात तपासणी, अशी व्यवस्था असते तेथे या नियमाचे मोल विशेष आहे. हर-२ चे प्रमाण कमी असलेल्या काही रुग्णांसाठीही २०२२ पासून नवे औषध मान्य झाल्याने शून्य आणि एक या श्रेणींमधील बारीक भेददेखील आता निर्णायक ठरला आहे.

अनेक प्रथिने, एक कसोटी

एकाच वेळी अनेक प्रथिने मोजण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र वापरतात. मोजावयाच्या प्रथिनाच्या तुकड्याचीच, परंतु किंचित जड अणूंनी घडविलेली प्रतिकृती ठरावीक मात्रेत नमुन्यात मिसळावयाची आणि दोहोंची तुलना करावयाची, हे यातील तत्त्व. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात प्रमाणित वजन टाकावे, तसेच हे आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ प्रयोगशाळांनी एकाच कार्यपद्धतीने रक्तद्रवातील सात प्रथिने मोजली. अंतर राखून बसलेल्या प्रयोगशाळांचे आकडे जुळू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र ही २०१८ पासून कर्करोगातील जनुके व प्रथिने यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघात सहभागी आहेत.

आपल्यापुरता विचार

प्रमाणित चाचणीलाही मर्यादा असतात. विदर्भातील व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांतील सिकलसेल हा विकार सर्वज्ञात आहे. दोन्ही पालकांकडून हा दोष आलेल्या रुग्णाच्या रक्तात नेहमीचे हिमोग्लोबिन तयारच होत नाही. त्याच्यासाठी एचबीए१सीचा आकडा निरर्थक ठरतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात तोच आकडा फसवा वाढू शकतो. अशा रुग्णांची साखर अन्य चाचण्यांनी पाहणे इष्ट असते.

देशात प्रयोगशाळांना आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मान्यता देणारे एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत बाह्य गुणवत्ता योजना चालविली जाते. तीत प्रयोगशाळांकडे अज्ञात प्रमाणाचे नमुने धाडून त्यांचे आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात. अशा योजनेत नियमित भाग घेणे हे लहान प्रयोगशाळांनाही शक्य आहे.

नागरिकांनीही काही पथ्ये पाळावीत. एकच चाचणी वारंवार करावयाची असेल तर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, अहवालावरील पद्धतीचे नाव व एकक पाहावे आणि जुने अहवाल जपून ठेवावेत. औषधे दिवसेंदिवस अधिक नेमकी होत जातील. त्यांचा लाभ तालुक्याच्या रुग्णालयातील रुग्णालाही मिळावयाचा, तर तेथील प्रयोगशाळेचे माप मुंबईच्या मापाशी जुळलेच पाहिजे.