रिकामा कोण, हे कोण ठरवतं?

कामसू, कष्टाळू, उद्योगी असे काही शब्द सांगून झाले की काम करणाऱ्याचं कौतुक आपल्या भाषेत लवकर संपतं. काम न करणाऱ्याची यादी मात्र लांबतच जाते: रिकामटेकडा, उडाणटप्पू, खुशालचेंडू, ऐतखाऊ, उनाड, कामचुकार. तो चकाट्या पिटतो, उकिरडे फुंकतो, टिवल्याबावल्या करतो. त्याच्या शेजारीच बावळट, वेंधळा, खुळचट, ठोंब्या, दीडशहाणा यांची रांग. या शिव्या म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. समाज कोणाच्या वेळेवर आपला हक्क मानतो, याची ती नोंद आहे.

ही नोंद वाचायला मोशीसारखी जागा नाही. इंद्रायणीकाठचं हे शेतीचं गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला भोसरी, पुणे-नाशिक रस्त्याने पुढे चाकण. शेतीचं वेळापत्रक आणि कारखान्याची शिफ्ट इथे एकाच घरात नांदतात.

शेताचा हिशोब

काम न करणाऱ्या धडधाकट पोराला ‘टोणगा’, म्हणजे रेडा, म्हणतात, त्यात शेतकऱ्याचा हिशोब आहे. बैल औत ओढतो, म्हैस दूध देते. देशावरच्या शेतीत रेड्याला तेवढं काम नसतं, चारा मात्र लागतो. मान डोलावणारा ‘नंदीबैल’ गुबगुबीच्या तालावर दारोदार फिरणाऱ्या बैलावरून आला. गावचा न्हावी तुंबड्या लावून दूषित रक्तही काढत असे, म्हणून ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं, त्यामुळे प्रत्येकाचं रिकामपणही त्या कामाच्या भाषेतच सांगितलं गेलं.

मूर्खपणाचा विचार मराठीने त्याहून खोल केला. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणाने केली आणि शेवटच्या, दहाव्या समासात पढतमूर्खाला वेगळं स्थान दिलं. विद्या आणि शहाणपण एक नव्हे, हे त्यांना ठसवायचं होतं. मोशीच्या आसपासच्या आळंदी-देहूच्या परंपरेत तर ‘वेड’ आणि ‘पिसे’ हे शब्द देवाच्या ओढीसाठी आदराने येतात. व्यवहाराच्या दृष्टीने वाया गेलेला माणूस तिथे वंदनीय ठरतो.

दोन लष्करी माणसांचे कोश

कामावरून माणूस ठरवण्याची ही रीत इंग्रजीतही दिसते. लंडनच्या रस्त्यावरची बोली गोळा करून फ्रान्सिस ग्रोस या मिलिशियातल्या कॅप्टनने १७८५ साली कोश छापला. त्यात मूर्खाला ‘निन्कमपूप’ आहे, तसाच ‘लबर’ही आहे: धांदरट माणूस आणि खलाशांच्या तोंडी जमिनीवरचा माणूस. ज्याला जहाज कळत नाही तो अडाणी. इंग्रजी जहाजांवर सुतार, शीड शिवणारा, स्वयंपाकी यांना तर ‘आयडलर’, म्हणजे रिकामे, म्हणत. ही माणसं दिवसभर राबत. फक्त रात्रीच्या पाळीचा पहारा त्यांना नसे. पाळीच्या तक्त्यात नाव नाही, एवढ्यावर कष्टकऱ्याला रिकामा ठरवलं गेलं.

आपल्याकडे मोल्सवर्थ या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींच्या आणि कँडी बंधूंच्या मदतीने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ ते १९३८ या काळात हे भांडार आणखी वाढवलं. गावाची बोली त्यांत पुष्कळ टिकली. कारखान्याची बोली मात्र त्यानंतरची.

शिफ्टची भाषा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली, पुढे चाकणची औद्योगिक वसाहत उभी राहिली. ‘दांडी मारणे’, ‘टाइमपास’, ‘अंगचोर’ हे इथले नेहमीचे शब्द. अंगचोराने काय चोरलं? स्वतःचंच अंग. पण घड्याळ लागल्यावर ते अंग आठ तास दुसऱ्याच्या मालकीचं मानलं जातं, म्हणून ती चोरी.

सर्वांत बोलका शब्द ‘ब्रेक’. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षाच्या अखंड सेवेसाठी २४० दिवसांचा निकष होता. तो पुरा होण्याआधी हंगामी आणि कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ देऊन थांबवण्याची रीत या पट्ट्यात जुनी आहे. तो घरी बसतो, चौकात उभा राहतो, आणि गाव त्याला ‘रिकामटेकडा’ म्हणतं. कष्टाला तयार असलेल्या माणसाला हा शब्द लावणं अन्याय आहे. जहाजावरच्या सुतारासारखंच त्याचं नावही केवळ तक्त्यातून गळलेलं असतं.

म्हणून ही बोली आता नोंदवायला हवी, आणि नोंदवताना शब्दापुढे अर्थ लिहून भागणार नाही. तो कोणी, कोणाला, कोणत्या कामाच्या संदर्भात वापरला, हेही लिहावं लागेल. मोशी-चाकणच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हे काम हाती घेतलं, तर आजी-आजोबांकडून शेताचे आणि आई-वडिलांकडून शिफ्टचे शब्द मुलांना घरातच मिळतील. ते गोळा करताना कोणालाही ‘रिकामा’ म्हणण्याआधी त्याचं काम कोणी काढून घेतलं, हे विचारायची सवय त्यांना लागेल. भाषेच्या अभ्यासातून याहून मोठं शिक्षण कोणतं मिळणार?