रेडिओच्या दुकानातली मोटार

पॉवेल क्रॉस्ली ज्युनिअर हे सहा फूट चार इंच उंचीचे गृहस्थ. एप्रिल १९३९मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी जी मोटार लोकांपुढे आणली, तिची रुंदी होती चार फूट. वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास. दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. वर कापडी टप, आणि काच पुसायचा वायपर हाताने फिरवायचा. किंमत ३२५ डॉलरपासून पुढे. त्या वर्षी साध्यातली साधी फोर्ड घ्यायची तरी सहाशेच्या घरात पैसे मोजावे लागत.

चार फुटांमागचं कारण नेहमी असं सांगितलं जातं, की गाडी दुकानाच्या दारातून आत नेता यावी. कारण क्रॉस्लींचे विक्रेते मोटारवाले नव्हतेच; ते रेडिओ आणि फ्रीज विकणारे होते. न्यूयॉर्कमध्ये ही गाडी मेसीज या अवाढव्य दुकानात विक्रीला ठेवली गेली. कपडेलत्ते, भांडीकुंडी आणि त्यांच्याबरोबर मोटार!

या व्यवहारामागे माणसाचा पूर्वानुभव होता. १९२१ साली सिनसिनाटीत क्रॉस्लींच्या मुलाने रेडिओचा हट्ट धरला. दुकानात किंमत ऐकली तर शंभर डॉलरच्या वर. बापाने माहितीचं पुस्तक आणलं, सुटे भाग जमवले आणि घरीच रेडिओ जोडला. काही वर्षांतच त्यांचा कारखाना देशातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ-उत्पादकांत गणला जाऊ लागला. १९२५चा त्यांचा ‘पप’ रेडिओ पावणेदहा डॉलरला मिळे. पुढे दाराच्या आतल्या बाजूला फळ्या असलेला फ्रीज आला. डब्ल्यूएलडब्ल्यू हे त्यांचं रेडिओ केंद्र १९३४पासून काही वर्षं ५०० किलोवॅटवर बोलत होतं. सिनसिनाटी रेड्स हा बेसबॉल संघही त्यांचाच, आणि प्रमुख लीगमधला पहिला रात्रीचा सामना १९३५ साली त्यांच्याच मैदानावर झाला. कल्पना पॉवेल यांच्या. त्या कारखान्यात उतरवायच्या त्या भाऊ लुईस यांनी.

श्रीमंतांची वस्तू घ्यायची, तिच्यातलं अनावश्यक काढायचं आणि किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणायची, हा त्यांचा खाक्या रेडिओला लागू पडला. मोटारीला तो पुरता लागू पडला नाही. माझ्या मते याचं कारण यांत्रिक कमी आणि सामाजिक जास्त आहे. रेडिओ स्वस्तातला असला तरी घरात वाजतो, मोटार चारचौघांत उभी राहते. शेजाऱ्याच्या लांबलचक ब्यूकशेजारी क्रॉस्ली लावणं म्हणजे आपली मिळकत फाटकावर लिहून ठेवण्यासारखं होतं.

या वाटेवर आधीही एकाने ठेच खाल्ली होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी १९३०पासून अमेरिकन ऑस्टिन ही चिमुकली गाडी तयार होई. लोकांनी तिच्यावर विनोद भरपूर केले, खरेदी मात्र बेताचीच केली. त्याच कारखान्यात पुढे बँटम गाड्या निघाल्या आणि १९४०मध्ये लष्करासाठी जीपचा पहिला नमुनाही तिथेच घडला. पण मोठी कंत्राटं विलीज आणि फोर्डला मिळाली. बँटमच्या वाट्याला मानाचं पान तेवढं आलं.

युद्धानंतरच्या क्रॉस्लीचं इंजिन मात्र कुणीही वाकून बघावं असंच. तोवर मोटारीचा ब्लॉक म्हणजे बिडाचा जाडजूड ओतीव ठोकळा, हे गृहीत होतं. कॅलिफोर्नियातल्या लॉइड टेलर यांनी हा ओतकामाचा हिशेबच सोडून दिला. पोलादी पत्र्याचे दाबून घडवलेले तुकडे आणि सिलिंडरच्या नळ्या एकमेकांत बसवायच्या, सांध्यांवर तांबं द्यायचं आणि सगळी जोडणी भट्टीत सरकवायची. तांबं वितळून फटींत शिरतं, आणि बाहेर निघतो तो एकसंध ब्लॉक. हेच ते ‘कोब्रा’ इंजिन. चार सिलिंडर, ७२४ सीसी, कॅमशाफ्ट डोक्यावर, ताकद साडेसव्वीस अश्वशक्ती. सगळी जोडणी मिळून वजन साठ किलोच्या आगेमागे, म्हणजे दोन धडधाकट माणसांनी गाडीतून उचलून टेबलावर ठेवावं इतकंच. युद्धकाळात असली इंजिनं लष्कराच्या जनरेटरांवर चालली. तिथे एक मेख होती, पण ती लक्षात आली नाही. जनरेटर तासन्‌तास एका लयीत चालतो आणि त्याची देखभाल नेमून दिलेली असते. गृहस्थाच्या मोटारीचं तसं नाही. ती आठवडाभर अंगणात उभी राहते, आत जे हाताला येईल ते पाणी ओतलं जातं. तांबं आणि पोलाद शेजारी, मध्ये पाणी. मग पत्र्याला आतून बारीक भोकं पडू लागली. १९४९मध्ये कंपनीने निमूटपणे बिडाचा ब्लॉक आणला आणि तक्रार मिटली. बदनामी तेवढी राहिली.

डिस्क ब्रेकची कथा याच वळणाची. १९४९च्या क्रॉस्लीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते. असे ब्रेक देणाऱ्या पहिल्या अमेरिकन गाड्यांत ती होती. रचना विमानाच्या ब्रेकवरून उचललेली. गाडी थांबे झकास. पण उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने ब्रेक खाल्ले, ते जाम होऊ लागले, आणि कंपनी पुन्हा जुन्या ड्रम ब्रेककडे वळली. कल्पना चुकीची नव्हती. कसोटी घ्यायला लागणारा वेळ आणि पैसा एवढ्या लहान कंपनीपाशी नव्हता.

सर्वांत बरे दिवस आले ते १९४८मध्ये. युद्धाची वर्षं लोक गाडीविना राहिलेले, डेट्रॉइटच्या गाड्यांसाठी रांगा, त्यामुळे जे मिळेल ते विकलं जाई. त्या वर्षी क्रॉस्लीची छोटी स्टेशन वॅगन भरपूर खपली. नंतर बड्या कंपन्यांची नवी मॉडेलं आली आणि गणित फिरलं. क्रॉस्लीचा खरा प्रतिस्पर्धी फोर्डची नवी गाडी नव्हतीच. चार वर्षं वापरलेली, सहा माणसं मावणारी जुनी फोर्ड तेवढ्याच पैशांत मिळत असेल, तर संसारी माणूस दुसरं काय घेणार? शिवाय पेट्रोल इतकं स्वस्त, की गॅलनमागे जास्त मैल पळणाऱ्या गाडीचं कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. आणि रेडिओच्या दुकानदाराकडे गाडीचा गिअरबॉक्स उघडणारा मेकॅनिक असतोच असं नाही.

पडत्या काळातच क्रॉस्लीने आपली सर्वांत देखणी गाडी काढली: १९४९ची ‘हॉटशॉट’. दारं नाहीत, मागे डिकी नाही, जास्तीचं चाक पाठीवर टांगलेलं, किंमत ८४९ डॉलर. फ्लोरिडात सेब्रिंगच्या जुन्या विमानतळावर ३१ डिसेंबर १९५० रोजी सहा तासांची शर्यत झाली. निकाल इंजिनाचा आकार लक्षात घेऊन लावायचा होता. फ्रिट्झ कोस्टर आणि राल्फ डेशॉन यांनी हॉटशॉट पळवली आणि बड्या बड्या गाड्यांना मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. पुढे इटलीतल्या सियाटा कंपनीने आपल्या काही नाजूक स्पोर्ट्‌स गाड्यांत हेच इंजिन बसवलं. तेच इंजिन इटालियन अंगरख्यात शिरलं की लिलावात आज त्याचा भाव कुठल्या कुठे जातो, हे बघून क्रॉस्लीवाल्यांची होणारी चिडचिड समजण्यासारखी आहे.

जुलै १९५२मध्ये उत्पादन थांबलं. कारखाना जनरल टायर कंपनीकडे गेला. क्रॉस्लींनी स्वतःचे लक्षावधी डॉलर यात घातले होते.

मग आज या गाड्या पाळणारे लोक कोण? क्रॉस्ली ऑटोमोबाइल क्लब १९६९पासून आहे आणि ओहायोत वॉसिऑनच्या जत्रेच्या मैदानावर त्याचा उन्हाळी मेळा भरतो. जुन्या अमेरिकन मोटारींच्या दुनियेत ड्यूझेनबर्ग लाखो डॉलरला जाते. तिचा मालक तिला ट्रेलरवरून आणतो, कापसात ठेवतो आणि दुरुस्ती पगारी तज्ज्ञांवर सोपवतो. क्रॉस्ली काही हजार डॉलरांत मिळते. एका गाडीच्या गॅरेजमध्ये तिच्यासकट कामाचं टेबलही मावतं. पत्रा साधा, वायरिंग नजरेत मावेल एवढं, गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे खालचा गिअर टाकताना मधेच क्लच सोडून, ॲक्सिलरेटरला हलका दाब देऊन, पुन्हा क्लच दाबायचा. चुकलं की गिअरबॉक्स खडखडून चारचौघांत निषेध नोंदवतो. ताशी पन्नास मैलांना ती शंभरासारखी वाटते. कायद्याच्या मर्यादेत राहून एवढी धडधड देणारी दुसरी गाडी शोधावी लागेल.

नवी असताना जे गरिबीचं लक्षण मानलं गेलं, तेच आज हौशी माणसाच्या पथ्यावर पडलं आहे. अपुरी ताकद, कमी वजन, मोजके भाग. म्हातारपणी कमरेची तक्रार असलेला माणूसही तिचं चाक काढू शकतो.

घ्यायचीच असेल तर जाणकार आधी बॉनेट उघडायला लावतात. ब्लॉक बिडाचा की पत्र्याचा? पत्र्याचा असेल आणि गाडी अजून चालत असेल, तर मालकाने पाणी कोणतं वापरलं हे विचारतात आणि उत्तर ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघतात. डिस्क ब्रेक शाबूत असतील तर भाव वाढतो, त्यांचे भाग मिळवण्याची डोकेदुखीही वाढते. इंजिनाच्या भागांची चिंता त्या मानाने कमी. कंपनी बुडाल्यावरही ते इंजिन बोटींसाठी बरीच वर्षं बनत राहिलं. त्यामुळे मेळ्यातल्या एखाद्या चकचकीत हॉटशॉटचा पिस्टन मुळात बोटीसाठी घडलेला निघू शकतो. अस्सलपणाचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात, बाकीचे गाडी सुरू करून आईस्क्रीम खायला जातात.