जन्म तान्दिलचा, विश्वचषक इटलीचा

विश्रांतवाडी-धानोरी पट्ट्यात रात्री एखाद्या टर्फवर उभं राहिलं की मेस्सीच्या दहा नंबरच्या जर्सीत पळणारी दोन-तीन पोरं तरी हमखास दिसतात. खेळ संपला की गप्पा रंगतात आणि जुन्या खेळाडूंवर पैजा लागतात. ‘अर्जेंटिनात जन्मलेला, युरोपात गाजलेला मिडफिल्डर’ म्हटलं की वेरॉन, रेदोन्दो, कांबियासो ही नावं फटाफट येतात. माऊरो कामोरानेसी क्वचितच कुणाला आठवतो. आठवला तरी त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

पहिला समज असा, की अर्जेंटिनाने डावललं म्हणून त्याने चिडून इटलीचा रस्ता धरला. मुळात अर्जेंटिनाच्या संघाचं दार त्याच्यासाठी कधी उघडलंच नव्हतं, त्यामुळे ते तोंडावर आपटायचा प्रश्नच आला नाही. ब्यूनोस आयर्स प्रांतातल्या तान्दिल गावी 1976 मध्ये तो जन्मला. त्याचे पणजोबा 1873 मध्ये इटलीच्या मार्के भागातल्या पोतेन्झा पिचेना या गावातून अर्जेंटिनात आले होते. इटलीचा कायदा नागरिकत्व रक्ताच्या नात्यावरून ठरवतो आणि तेव्हा त्याला पिढ्यांची मर्यादा नव्हती. त्या आधारावर तो इटालियन ठरला आणि फेब्रुवारी 2003 मध्ये, जोव्हानी त्रापात्तोनी प्रशिक्षक असताना, पोर्तुगालविरुद्ध इटलीकडून पहिला सामना खेळला. पुढे एकूण 55 सामने झाले. इटलीने 2025 मध्ये हा कायदा आवळला. आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतचंच नातं धरलं जातं. आजच्या नियमात नुसत्या पणजोबांवर त्याचं काम भागलं नसतं.

राष्ट्रगीत सुरू असताना तो तोंड मिटून उभा राहायचा, यावरून इटलीतही बरीच टीका झाली. आपण मनाने अर्जेंटिनाचेच आहोत, हे त्याने कधी लपवलं नाही. मला यात लबाडी दिसत नाही. गीत तोंडपाठ म्हणून मैदानात चालढकल करणारे खेळाडू आपण कमी पाहिलेत का?

परदेशात जन्मलेल्या खेळाडूंना घेण्याची इटलीची रीतही नवी नाही. लुईस मॉन्टी 1930 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळून हरला आणि 1934 च्या अंतिम सामन्यात इटलीकडून खेळून जिंकला. दोन देशांकडून विश्वचषकाची फायनल खेळलेला तो एकमेव खेळाडू. ओमार सिव्होरीही आधी अर्जेंटिनाकडून आणि मग इटलीकडून खेळला. पुढे नियम कडक झाले, दोन देशांच्या जर्सी घालणं अवघड झालं. पण कामोरानेसीने दुसरी जर्सी घातलीच नव्हती, त्यामुळे त्याला नियमांची अडचण आली नाही.

‘मग आपल्याकडे का नाही होत असं?’ हा प्रश्न पुण्यात विचारणाऱ्याने अराता इझुमी आठवावा. पुणे एफसीचा हा मिडफिल्डर जपानमध्ये जन्मला, वडील भारतीय वंशाचे, आई जपानी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि देशाच्या संघात फक्त भारतीय नागरिकालाच घेता येतं. त्यामुळे अराताला जपानी पासपोर्ट सोडावा लागला, तेव्हा कुठे 2013 मध्ये तो भारताकडून खेळला. कामोरानेसीला काहीच सोडावं लागलं नाही. रक्ताचं नातं दोघांकडेही होतं, फरक कायद्याने पडला.

दुसरा समज त्याच्या क्लब कारकिर्दीबद्दलचा. अर्जेंटिनाचा खेळाडू म्हणजे बोका किंवा रिव्हर प्लेटमध्ये घडलेला, तिथून थेट युरोपने उचललेला, असं आपण धरूनच चालतो. कामोरानेसीची वाट आडवळणाची होती. मार देल प्लाताचा आल्दोसिवी, मग मेक्सिकोतला सांतोस लागुना, तिथून उरुग्वेतला मॉन्टेव्हिडिओ वाँडरर्स, परत येऊन बानफिल्ड, पुन्हा मेक्सिकोत क्रूझ आसूल. आल्दोसिवी आणि बानफिल्ड दोन्ही तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. 2000 मध्ये हेलास वेरोनाने त्याला इटलीत आणलं तेव्हा तो चोविशीला टेकला होता आणि मायदेशाच्या पहिल्या श्रेणीत एकही सामना खेळलेला नव्हता. तो योग आला थेट 2011 मध्ये, लानूसकडून, म्हणजे विश्वविजेता होऊन जवळपास पाच वर्षं झाल्यावर!

वेरोनाच्या त्या संघात आद्रियान मुतू होता, मास्सिमो ओद्दो होता. एवढं असूनही 2002 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. कामोरानेसीला मात्र युव्हेंटसने उचललं आणि तिथे तो आठ हंगाम टिकला. उजव्या बाजूचं मिडफिल्ड हे त्याचं ठिकाण. गोलांच्या आकड्यात त्याला शोधू नये. बचावाला मागे धावणं, चेंडू पायाला चिकटवून पुढे नेणं, आत वळून पास देणं, यातच त्याची किंमत होती.

आता पैजेतला हमखास चुकणारा प्रश्न: त्याने इटालियन लीग किती वेळा जिंकली? लोक तीन सांगतात. मैदानावरचा हिशेब तसाच होता, 2003, 2005 आणि 2006. अधिकृत नोंदीत मात्र एकच विजेतेपद उरलं, 2002-03 चं. पंच नेमण्याच्या कामात क्लबच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ केल्याचं ‘काल्चोपोली’ प्रकरण 2006 मध्ये फुटलं. युव्हेंटसची पुढची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली. 2005 चं कुणालाच दिलं नाही, 2006 चं इंटर मिलानला गेलं. युव्हेंटस वाईट खेळून दुसऱ्या श्रेणीत गेला, असं सांगणारेही भेटतात. तो गुणतक्त्यात पहिला होता आणि शिक्षा म्हणून खाली गेला.

तारखा बघा. 9 जुलै 2006 ला बर्लिनमध्ये फ्रान्सला हरवून इटलीने विश्वचषक जिंकला. कामोरानेसीने मैदानातच ओद्दोकडून, त्याच वेरोनातल्या जुन्या सोबत्याकडून, आपले लांब केस कापून घेतले. पाच दिवसांनी काल्चोपोलीचा निकाल आला आणि ताजा विश्वविजेता सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, जाऊन पडला. कान्नावारो, झांब्रोत्ता, इब्राहिमोविच, व्हिएरा निघून गेले. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे आणि कामोरानेसी राहिले. या पाचजणांना सरसकट निष्ठेचे पुतळे बनवण्याची हौस अनेकांना आहे. कामोरानेसीच्या बाबतीत ती जरा आवरावी, कारण त्यालाही जायचं होतं आणि त्याच्या एजंटाने ते बोलूनही दाखवलं होतं. राहिला तो राहिला, आणि मग रिमिनीसारख्या संघांविरुद्ध मन लावून खेळला. नऊ गुण कापले जाऊनही युव्हेंटसने ती लीग जिंकली.

या पाचांतला त्रेझेगे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, 2014 मध्ये, तो बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून खेळला. विश्रांतवाडीहून बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक, तरी जाणारे गेले. तो स्पॅनिश बोलायचा, म्हणून त्याला अर्जेंटिनाचा समजणारे पुष्कळ होते. त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. जन्म फ्रान्समधल्या रूआँचा, वडील अर्जेंटिनाचे, बालपण ब्यूनोस आयर्सचं, सुरुवात तिथल्याच प्लातेन्से क्लबमधून आणि देश फ्रान्स. बर्लिनच्या त्या फायनलमध्ये पेनल्टी आडव्या खांबावर मारली ती त्यानेच. कामोरानेसी 86 व्या मिनिटाला बाहेर गेला होता आणि त्रेझेगे आत आला तो 100 व्या मिनिटाला, त्यामुळे त्या दिवशी हे दोन क्लबमित्र मैदानावर समोरासमोर आलेच नाहीत. पुण्याचा संघ मात्र त्या हंगामात आठांत सहावा आला. नावं मोठी असली की संघ जिंकतो, हाही एक गैरसमजच.

युरोपातला कामोरानेसीचा शेवटचा मुक्काम जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये झाला. 2010 च्या उन्हाळ्यात गेला आणि जानेवारी 2011 मध्ये करार संपवून परतला. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. लानूसनंतर रासिंग क्लबकडून खेळत 2014 मध्ये तो थांबला.

तेव्हा टर्फवर पुढची पैज लावताना उत्तर पक्कं ठेवा: एक विश्वचषक, एक सेरी आ, एक सेरी बी, दोन इटालियन सुपर कप. आणि अर्जेंटिनाकडून सामने शून्य.